बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोचायला लागलेली वर्षं

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहराजवळ रुआकुरा नावाचं पशुसंशोधन केंद्र आहे. 1960च्या दशकात ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधले एक प्रसूतितज्ज्ञ तिथे मेंढ्यांवर प्रयोग करायला जात असत. त्यांचं नाव ग्रॅहम लिगिन्स, पण सगळे त्यांना मॉन्ट म्हणत. त्यांच्याच रुग्णालयात विल्यम लायली यांनी 1963 मध्ये पोटातल्या बाळाला रक्त देऊन दाखवलं होतं आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या दूरच्या बेटाकडे वळवलं होतं. लिगिन्स यांना वेगळाच प्रश्न छळत होता. कळा नेमक्या कोण सुरू करतं, आई की बाळ? बाईच्या पोटात याचं उत्तर शोधणं शक्य नव्हतं, म्हणून मेंढ्या.

गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकराला त्यांनी कॉर्टिसोलच्या जातीची औषधं दिली आणि मेंढ्या वेळेआधी व्यायल्या. म्हणजे कळांचा इशारा कोकराकडून येतो, हे कळलं. पण त्याहून मोठी गोष्ट अनपेक्षितपणे समोर आली. मेंढीचे दिवस साधारण 147 ते 150 असतात. औषध मिळालेलं एक कोकरू 117व्या दिवशी जन्मलं आणि श्वास घेत राहिलं. इतक्या कोवळ्या कोकराची फुप्फुसं उघडतच नाहीत, ते जगूच नये. नंतर ते मेलं तेव्हा लिगिन्स यांनी त्याची फुप्फुसं तपासली. ती बऱ्यापैकी फुगलेली होती. बाळाला पोटात असतानाच मिळालेल्या औषधानं त्याची फुप्फुसं वेळेआधी पिकवली होती.

त्या काळात या शोधाचं मोल काय होतं, हे समजायला 1963चा ऑगस्ट आठवावा लागतो. अमेरिकेच्या अध्यक्षांना, जॉन केनेडींना, साडेपाच आठवडे आधी मुलगा झाला. वजन दोन किलोच्या थोडं वर. जगातली उत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असूनही पॅट्रिक केनेडी दोन दिवसही जगला नाही. फुप्फुसांच्या आतल्या पृष्ठभागावर जो निसरडा थर असावा लागतो, तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये कमी पडतो, हे मेरी एलन एव्हरी यांनी 1959 मध्येच दाखवून दिलं होतं. कारण कळलं होतं, उपाय मात्र नव्हता. राष्ट्राध्यक्षाच्या घरी जे झालं, तेच आपल्याकडच्या हजारो घरांत होत होतं. तिथे फक्त बातमी होत नव्हती.

लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांना जोडीला घेतलं आणि 1969च्या डिसेंबरात चाचणी सुरू केली. दिवस भरण्याआधी प्रसूती होणार अशा 282 स्त्रिया तिच्यात होत्या. कुणाला खरं औषध मिळायचं आणि कुणाला दिसायला तसंच पण अगदी सौम्य इंजेक्शन, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं. इंजेक्शन देणाऱ्यालाही ते ठाऊक नसे. खरं औषध होतं बीटामिथॅसोन हे स्टेरॉइड, दोन इंजेक्शनं, मध्ये एक दिवस. 1972 मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या अमेरिकी नियतकालिकात निकाल छापून आला. ज्यांना आपोआप कळा सुरू झाल्या होत्या त्या आयांपैकी औषध न मिळालेल्यांची शंभरातली 15 बाळं पहिल्या काही दिवसांत दगावली होती. औषध मिळालेल्यांची फक्त 3. श्वासाचा तो घातक आजार 26 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आला होता. औषध स्वस्त, सुई नेहमीची, द्यायला कुठली नवी यंत्रणा नको. यापुढे काय व्हायला हवं होतं, हे सांगायलाही नको.

तसं झालं नाही.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अनेक ठिकाणी तशाच चाचण्या झाल्या. बहुतेक छोट्या होत्या. एकेकटी पाहिली तर कुठलीच ठामपणे काही सांगत नव्हती. कुठे फायदा स्पष्ट दिसे, कुठे आकडा काठावर अडकलेला. स्टेरॉइडमुळे आईला जंतुसंसर्ग होईल, बाळाचा मेंदू नीट वाढणार नाही, अशा शंका होत्या आणि त्या अगदीच निराधार नव्हत्या. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इंजेक्शन द्यायचं होतं प्रसूतितज्ज्ञानं, निबंध छापला गेला बालरोगतज्ज्ञांच्या अंकात आणि फायदा दिसणार होता बालरोग विभागाच्या काचेच्या पेटीत. ज्याच्या हातात सुई होती त्याला तिचं फळ दिसतच नव्हतं. 1994 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी या विषयावर तज्ज्ञांची खास परिषद बोलावली. तोपर्यंत अमेरिकेत अगदी कमी वजनाचं बाळ जन्माला घालणाऱ्या पाच स्त्रियांमधल्या एकीलाही हे इंजेक्शन मिळत नव्हतं. पहिल्या निबंधाला तेव्हा 22 वर्षं झाली होती.

याच्या अगदी उलट दिशेचा प्रकारही त्याआधी घडून गेला होता आणि तो आठवला की आजही संताप येतो. डायइथाइलस्टिल्बेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस, हे कृत्रिम संप्रेरक 1940च्या दशकापासून गर्भपात टळावा म्हणून गर्भवतींना दिलं जाऊ लागलं. शिकागोत डिकमन आणि सहकाऱ्यांनी सोळाशेहून अधिक स्त्रियांवर त्याची रीतसर चाचणी केली आणि 1953 मध्ये छापून टाकलं, की याचा काही उपयोग नाही. तरीही औषध चालूच राहिलं. डॉक्टर लिहून देत राहिले, बायका विश्वासानं घेत राहिल्या. 1971 मध्ये बॉस्टनच्या हर्बस्ट यांनी आठ तरुण मुलींची नोंद छापली. या मुलींना योनिमार्गाचा अतिशय दुर्मीळ कर्करोग झाला होता. आठपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणात डीईएस घेतलं होतं. तेव्हा कुठे अमेरिकी सरकारनं इशारा दिला. निरुपयोगी ठरलेलं औषध पुढे अठरा वर्षं पोटातल्या मुलींना मिळत राहिलं, आणि ते निरुपयोगी आहे हे सांगणारा निबंध ग्रंथालयांच्या फडताळांत पडून होता.

चांगलं पोचलं नाही, वाईट थांबलं नाही. दोन्ही गोष्टी छापलेल्या होत्या.

हे उघडपणे बोलून दाखवलं ते आर्ची कॉक्रेन या स्कॉटिश डॉक्टरनं. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धकैदी होते. सॅलोनिकाच्या छावणीत उपाशी, पाय सुजलेल्या कैद्यांवर उपचार करताना आपण जे करतो त्याचा खरंच उपयोग होतो का, हा प्रश्न त्यांच्या मनात रुतला आणि मग आयुष्यभर त्यांनी तो सोडला नाही. 1972 मध्ये, म्हणजे लिगिन्स यांचा निबंध आला त्याच वर्षी, उपचारांची परिणामकारकता कशी तपासावी यावर त्यांचं छोटं पुस्तक आलं. 1979 मधल्या एका लेखात त्यांनी वैद्यकशास्त्राच्या सगळ्या शाखांना गुण दिले, आणि पुराव्याच्या बाबतीत शेवटचा नंबर दिला प्रसूतिशास्त्राला. शेवटच्या क्रमांकासाठी इंग्लंडात लाकडी चमचा देण्याची जुनी रीत होती. तो चमचा त्यांनी प्रसूतितज्ज्ञांच्या हाती ठेवला. त्याच लेखात त्यांनी आणखी मूलभूत तक्रार केली होती. झालेल्या सगळ्या चाचण्या एकत्र करून, चाळून, वेळोवेळी नवी भर घालत कुणी मांडतच नाही, ही वैद्यकीय पेशाची मोठी चूक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे म्हणणं मनावर घेणारा माणूस आधीच कामाला लागलेला होता. इयन चामर्स हे तरुण डॉक्टर 1970च्या आसपास गाझामधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत काम करत होते. गोवर झालेल्या मुलांना आधीपासून प्रतिजैविकं द्यायची नाहीत, असं त्यांना शिकवलेलं होतं. त्यांनी तसंच केलं आणि काही मुलं गेली. पुढे त्यांना कळलं, की प्रतिजैविकं दिल्यास फायदा होतो हे सांगणाऱ्या चाचण्या तोपर्यंत झालेल्या होत्या. त्यांच्यापर्यंत त्या पोचल्या नव्हत्या, इतकंच. हे शल्य घेऊन ते ब्रिटनमध्ये परतले आणि 1978 मध्ये ऑक्सफर्डला स्थापन झालेल्या राष्ट्रीय पेरिनेटल एपिडेमिऑलॉजी युनिटचे पहिले संचालक झाले.

संगणक आजच्यासारखे हाताशी नव्हते. तिथे चाचण्या गोळा करायची सुरुवात कार्डांवरच्या नोंदींनी झाली. बाळंतपणाशी संबंधित प्रत्येक चाचणी, मग ती कुठल्याही भाषेत, कुठल्याही देशात छापलेली असो, शोधायची आणि नोंदवायची. नियतकालिकांचे जुने अंक पानापानानं चाळायचे. छापलेलं सापडत होतं. न छापलेल्याचं काय? ज्या चाचणीत औषधाचा फायदा दिसला नाही ती बऱ्याचदा लेखकाच्या टेबलाच्या खणातच राहते. म्हणून ऑक्सफर्डच्या मंडळींनी 18 देशांतल्या 42 हजार प्रसूतितज्ज्ञांना आणि बालरोगतज्ज्ञांना पत्रं पाठवली: तुमच्याकडे न छापलेली एखादी चाचणी आहे का? जुन्या, पूर्ण झालेल्या पण न छापलेल्या अशा केवळ 18 चाचण्या हाती लागल्या. एवढ्या खटाटोपातून इतकंच मिळालं याचं वाईट वाटतं, पण धडा पक्का झाला: चाचणी सुरू होतानाच तिची नोंद व्हायला हवी, संपल्यावर शोधत बसून काही मिळत नाही. चाचण्यांची आगाऊ नोंदणी आज अनेक ठिकाणी सक्तीची झाली आहे, त्या विचाराला या पत्रांनी मोठं बळ दिलं.

1988 मध्ये हा सगळा संग्रह फ्लॉपी डिस्कवर मिळू लागला. 1989 मध्ये चामर्स, मरे एन्किन आणि मार्क काइर्झे यांनी संपादित केलेला, दीड हजारांवर पानांचा दोन खंडांतला ग्रंथ निघाला: 'इफेक्टिव्ह केअर इन प्रेग्नन्सी अँड चाइल्डबर्थ'. त्याची एक स्वस्त, छोटी आवृत्तीही निघाली, सामान्य बायकांनाही वाचता येईल अशी. तिच्या शेवटी याद्या होत्या. काय केल्यानं निश्चित फायदा होतो, कशाकडून आशा आहे, कशाचं काही माहीत नाही आणि काय बंद करायला हवं. या शेवटच्या यादीनं खळबळ माजवली. बाळंतपणाआधी सरसकट केस काढणं, सरसकट एनिमा देणं, सरसकट टाका घालावा लागेल असा छेद घेणं, वर्षानुवर्षं शिस्तीचा भाग म्हणून चालत आलेल्या अशा कितीतरी गोष्टी त्यात होत्या.

त्यांतल्या छेदाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तो प्रश्न विचारणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या रॉयल बर्कशायर हॉस्पिटलमधल्या जेनिफर स्लीप या मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण होत्या. त्यांनी 1000 स्त्रियांवर चाचणी केली आणि 1984 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवलं, की ऊठसूट छेद घेतल्यानं आईला काही फायदा होत नाही. बाळंतिणीजवळ रात्रभर बसणाऱ्या, तिचे टाके भरून येईपर्यंत तिची वेदना पाहणाऱ्या बाईला हा प्रश्न पडला, आणि तिनं तो शास्त्राच्या भाषेत विचारला. प्रसूतिशास्त्राच्या संशोधनाची दिशा ज्या थोड्या लोकांनी बदलली, त्यांत मी स्लीप यांना फार वरचं स्थान देईन. आपल्याकडच्या लेबर रूममध्ये काम करणाऱ्या किती सिस्टरांना असे प्रश्न पडत असतील, आणि ते विचारायला त्यांना कुठली जागा आहे?

स्टेरॉइडच्या चाचण्यांची मोळी बांधली ती डब्लिनच्या पॅट्रिशिया क्राउली यांनी. 1990 मध्ये चामर्स आणि काइर्झे यांच्याबरोबर त्यांनी 12 चाचण्या, तीन हजारांहून जास्त बाळंतपणं एकत्र मांडली. एकेकट्या चाचणीत धूसर असलेलं चित्र एकदम स्वच्छ झालं. बाळ दगावण्याची शक्यता 30 ते 50 टक्क्यांनी कमी होत होती. 1992 मध्ये ऑक्सफर्डला अशाच मोळ्या बांधायला आर्ची कॉक्रेन यांच्या नावाचं कॉक्रेन सेंटर सुरू झालं, 1993 मध्ये त्याची जागतिक संघटना झाली, आणि गरोदरपण व बाळंतपण हा तिचा पहिला गट ठरला. संघटनेच्या मूळ बोधचिन्हात याच इंजेक्शनाच्या सात चाचण्यांच्या सात आडव्या रेघा होत्या आणि खाली एक छोटी चौकट, सगळ्यांचा मिळून निघालेला निष्कर्ष. आर्ची कॉक्रेन 1988 मध्येच गेले. पण त्या मोठ्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना त्यांनी लाकडी चमचा परत घेतला होता.

या कथेत आपला एक माणूस आहे. गोव्यातल्या शिरोड्याला 1899 मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात नावारूपाला आलेले विठ्ठल नागेश शिरोडकर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर वारंवार गर्भ पडतो अशा काही स्त्रियांच्या गर्भाशयाचं तोंड सैल पडून आपोआप उघडतं, हे त्यांनी ओळखलं. बाईच्या मांडीतून स्नायूवरच्या पडद्याची पट्टी घेऊन त्या तोंडाभोवती टाका घालायची पद्धत त्यांनी काढली. 1955 मध्ये ती मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' मासिकात छापून आली. लंडन-न्यूयॉर्कचं मोठं नियतकालिक नव्हतं ते. तरीही टाका जगभर गेला आणि शिरोडकरांच्या नावानंच ओळखला गेला. दोनच वर्षांत मेलबर्नच्या मॅकडॉनल्ड यांनी त्याची सोपी आवृत्ती आणली. मुंबईत शिरोडकरांचे हात पाहायला परदेशातून डॉक्टर येत. 1971 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले.

मात्र हा टाका नेमका कुणाला घालावा, याची मोठी चाचणी व्हायला जवळपास चाळीस वर्षं लागली. 1993 मध्ये 12 देशांतल्या 1292 स्त्रियांचा निकाल छापून आला. 33 आठवड्यांच्या आत होणारी बाळंतपणं टाक्यामुळे 17 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर आली. म्हणजे साधारण 25 स्त्रियांना टाका घालावा तेव्हा एकीचं लवकरचं बाळंतपण टळतं. यात शिरोडकरांच्या कर्तृत्वाला काही उणेपणा येत नाही. त्यांची निवड काटेकोर होती. वारंवार गर्भ गमावलेल्या, दुसरा मार्ग न उरलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी तो टाका शोधला होता. त्यांच्यामागून तो ज्या सढळपणे घातला गेला, त्याला मात्र उत्तर मिळायला हवं होतं आणि ते फार उशिरा मिळालं.

उशीर हाच एकमेव दोष होता असंही नाही. कधी निबंध भलत्या वेगानंही पोचतो. 2000 मध्ये कॅनडाच्या मेरी हॅना यांची पायाळू बाळांवरची चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली. 26 देश, 2088 स्त्रिया. ठरवून सिझेरियन केलं तर पायाळू बाळ जास्त सुरक्षित, असा निष्कर्ष होता. नेदरलँड्समध्ये दोन महिन्यांत पायाळू बाळांची सिझेरियनं 50 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर गेली. 2004 मध्ये त्याच मुलांची दोन वर्षांनंतरची तपासणी छापली गेली, तेव्हा मृत्यू आणि वाढीतले दोष मिळून दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तोपर्यंत नव्या पिढीतले कितीतरी डॉक्टर पायाळू बाळ खालून कसं काढायचं हे शिकलेच नव्हते. हाताचं कसब एकदा गेलं की निबंध छापून परत येत नाही. ज्या गावात ऑपरेशन थिएटरच नाही, तिथे पायाळू बाळाला कुणाच्या हातात सोपवायचं?

निबंध पोचायची वाटही बदलत होती. 2001 मध्ये लंडनहून 'बीएमसी प्रेग्नन्सी अँड चाइल्डबर्थ' हे नियतकालिक सुरू झालं. बीएमसी म्हणजे इथे बायोमेड सेंट्रल. त्याचं वैशिष्ट्य असं, की वाचायला पैसे लागत नाहीत, ज्याच्याकडे इंटरनेट आहे त्याला पूर्ण निबंध वाचता येतो. प्रसूतिशास्त्राची जुनी नियतकालिकं मोठ्या ग्रंथालयांच्या वर्गणीवर चालत. तालुक्याच्या डॉक्टरला त्यातला सारांश मिळाला तरी नशीब. या नव्या नियतकालिकात फक्त औषधांच्या चाचण्या येत नाहीत. बाई दवाखान्यात किती तासांनी पोचली, तिला तिथे कुणी ओरडलं का, सोबत कुणाला थांबू दिलं का, बाळंतपणासाठी घरानं कर्ज काढलं का, हे प्रश्नही संशोधन म्हणून मांडले जाऊ लागले. लेखकांत नर्सा आल्या, समाजशास्त्रज्ञ आले. हा बदल मला मोठा वाटतो. मात्र वाचकाचा खर्च वाचला तो लेखकाच्या अंगावर आला. छापण्यासाठी लेखकाला फी द्यावी लागते आणि आपल्याकडच्या साध्या जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला ती झेपणारी नाही. नियतकालिकाचा प्रभाव मोजण्याचा रूढ आकडाही, म्हणजे त्यातल्या निबंधांचा दुसऱ्या निबंधांत सरासरी किती वेळा उल्लेख झाला, हा कागदावरून कागदावर फिरणारा आहे. खाटेवरच्या बाईचं काय झालं ते त्याला कळत नाही.

ते कळायचं तर गडचिरोलीला जावं लागतं. अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था तिथे उभी केली. राणीताईंनी गावातल्या बायकांच्या न बोलल्या जाणाऱ्या आजारांवर काम केलं आणि 1989 मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं: दोन गावांतल्या तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. तोपर्यंत आरोग्य खात्याच्या लेखी ग्रामीण बाई म्हणजे गर्भवती किंवा कुटुंबनियोजनाची लाभार्थी, एवढंच होतं. 1999 मध्ये दुसरा निबंध आला. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून त्यांनी 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देण्यापर्यंत. शेजारच्या, ही सोय नसलेल्या गावांशी तुलना करता नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. बंग नुसते निबंध छापून थांबले नाहीत. महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल मराठीतून लोकांपुढे आला आणि त्यावर वादळ उठलं. 2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. निबंध 1999चा, कार्यक्रम 2011चा. बारा वर्षं. बावीसपेक्षा बरी.

बेळगावकडेही पाहू या. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी जिल्ह्याच्या खेड्यांत 1620 बाळंतिणींवर चाचणी केली. बाळ बाहेर आल्यावर अंगावरून फार रक्त जाऊन बाई जाते, हे आपल्याकडच्या मातामृत्यूंचं मोठं कारण. ते थांबवायचं नेहमीचं इंजेक्शन थंड जागी ठेवावं लागतं, आणि खेड्यात फ्रिज नाही. म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या तोंडानं घ्यायच्या गोळ्या. देणाऱ्या होत्या एएनएम, गावाच्या नर्सबाई. 2006 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. याच कामात रक्त मोजायची एक साधी युक्ती तपासली गेली. बाळंतिणीच्या खाली अंथरायचं प्लास्टिकचं कापड, खाली निमुळती पिशवी, तिच्यावर मापाच्या खुणा. नुसत्या नजरेनं अंदाज केला तर गेलेलं रक्त खऱ्यापेक्षा एक तृतीयांशानं कमी वाटतं, हे त्यातून दिसलं. 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत, 80 रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांची चाचणी छापली गेली. तिच्यात अशाच खुणांच्या पिशवीनं रक्त लवकर ओळखलं गेलं आणि सगळे उपचार एकदम सुरू केले गेले. गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी कमी झाले.

आणि शेवटी पुन्हा लिगिन्स यांचं इंजेक्शन. श्रीमंत देशांत ते रुळलं होतं. मग विचार पुढे आला, की खेड्यापाड्यांतही ते द्यावं, नर्सबाईंनी द्यावं. भारत सरकारनं 2014 मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. त्याच सुमारास सहा देशांत मिळून सुमारे एक लाख बाळंतपणांची मोठी चाचणी संपत आली होती. भारतातली तिची दोन ठिकाणं होती बेळगाव आणि नागपूर. बाईला महिना कितवा हे नक्की माहीत नसेल तर पोटावर टेप लावून अंदाज घ्यायचा आणि इंजेक्शन द्यायचं, अशी पद्धत होती. निकाल धक्कादायक निघाला. ज्या भागांत ही मोहीम चालली तिथे एकूण नवजात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट दर हजारी साडेतीननं वाढले. आयांमध्ये जंतुसंसर्गही जास्त दिसला. इंजेक्शन मिळालेल्या कितीतरी आयांचे दिवस खरं तर भरत आले होते. त्यांच्या बाळांना त्याची गरजच नव्हती.

हा निबंध छापला गेला हे मी वैद्यकशास्त्राच्या प्रामाणिकपणाचं लक्षण मानतो. ज्या इंजेक्शनाच्या सात रेघा बोधचिन्हात कोरल्या होत्या, त्याबद्दलच हा उलटा निकाल होता, आणि तो कुणी लपवला नाही. पुढचं पाऊलही टाकलं गेलं. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातल्या 29 रुग्णालयांत, जिथे नवजात बाळाची काळजी घ्यायची सोय आहे अशाच ठिकाणी, सोनोग्राफीनं दिवस पक्के करून 2852 स्त्रियांवर डेक्सामिथॅसोनची चाचणी झाली. बेळगावचं कॉलेज यातही होतं. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी आधीच थांबवली गेली. 2020 मध्ये निकाल आला: 25 स्त्रियांना इंजेक्शन दिलं की एक बाळ वाचतं. औषधाची जात तीच, देशही बरेच तेच. फरक होता तो दिवसांच्या नेमक्या हिशेबाचा आणि बाळ जन्मल्यावर त्याला सांभाळणाऱ्या हातांचा.

जागतिक आरोग्य संघटनेनं म्हणून हे इंजेक्शन पाच अटींवर द्यायला सांगितलं आहे: दिवस नेमके माहीत असावेत, लवकरच बाळंतपण होण्याची दाट शक्यता असावी, आईला जंतुसंसर्ग नसावा, बाळंतपणाची नीट सोय असावी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सांभाळता यावं. शेवटच्या चार अटी डॉक्टरांच्या आणि सरकारच्या हातात आहेत. पहिलीत घरच्यांना भरपूर करता येतं. घरात कुणाला दिवस गेले असतील तर पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या. दिवसांचा हिशेब तेव्हा सगळ्यांत अचूक लागतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे, आणि सासरच्या गावातल्या डॉक्टरकडची फाइल बऱ्याचदा तिथेच राहते. मुलगी माहेरी निघाली की तो पहिला सोनोग्राफीचा कागद तिच्या पिशवीत घाला, आणि ज्या दवाखान्यात नाव घालाल तिथे पहिल्याच भेटीत तो डॉक्टरांना दाखवा.